भात्यातलं भोक

संपादकांचं पत्र आलं की, छायाचित्रकार म्हणून आयुष्यातले सोनेरी क्षण लिहून पाठवा. एवढ्या मोठ्या शब्दाला मी दचकलोच. बारामतीत मला कुणी छायाचित्रकार म्हटल्याचं आठवत नाही. मी फोटूवाला होतो. एस.टी. स्टँडच्या अलीकडे माझं दुकान होतं आणि दुकानावर पाटी होती. वर 'फोटो स्टुडिओ', खाली 'कॅमेरा दुरुस्ती', आणि त्याच्याही खाली लाल अक्षरांत 'फोटो कधी खोटं बोलत नाही'. हे शेवटचं वाक्य पेंटरनं जागा उरली म्हणून स्वतःच्या मनानं रंगवलं होतं. मी ते पुसायला सांगितलं नाही, कारण मलाही ते आवडलं. त्याचे भोग पुढे मलाच भोगावे लागले, म्हणून सोनेरी क्षण सोडून तेच लिहितो.

गोष्ट पन्नास सालानंतरची. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा होता, बागाईतदारांना बरे दिवस आले होते, आणि घरात एखादी जर्मन वस्तू पाहिजे असं त्यांना वाटायला लागलं होतं. पाण्याचं इंजिन घेऊन झालं की पुढचा नंबर घडीच्या कॅमेऱ्याचा. मिटलेला असताना तो जाडशा पोथीएवढा दिसायचा. बटण दाबलं की पुढचं झाकण खाली पडायचं आणि आतून भिंग पुढे यायचं. भिंग आणि फिल्म यांच्या मधे घड्याघड्यांचा, कातडी किंवा कापडी बोगदा असायचा. त्याला आम्ही भाता म्हणायचो. लोहाराचा भाता हवा धरतो, आमच्या भात्यानं अंधार धरायचा.

एका रिळात आठ फोटो. फिल्मच्या मागे काळा कागद, त्यावर एक ते आठ आकडे, आणि कॅमेऱ्याच्या पाठीला लाल काचेची छोटी खिडकी. एक फोटो काढला की किल्ली फिरवायची आणि खिडकीत पुढचा आकडा दिसला की थांबायचं. संपलं. ज्यांना आजोबांच्या बांधाचे दावे तारखांसकट पाठ होते, त्यांना एवढं जन्मात जमलं नाही.

निमगावकडचे एक बागाईतदार किल्ली फिरवायचीच असते हे विसरले. त्यांनी आपला बैल, नवं इंजिन आणि पाहुणे आलेले सासरे असे सगळे एकाच चौकटीवर काढले. धुऊन बघतो तर सासऱ्यांच्या पटक्यातून शिंगं आलेली आणि पोटातून इंजिनाचं चाक. मी मान खाली घालून फोटो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "झ्याक आलाय. तीन प्रती करा."

दुसऱ्या एकाच्या आईनं खंडेनवमीला कोयता-कुऱ्हाडीच्या रांगेत कॅमेरा मांडला आणि कुंकवाचं ओलं बोट नेमकं त्या लाल खिडकीवर टेकवलं. आकडा दिसेना. तो माझ्याकडे आला, मी फडकं घेतलं, तर माझा हात धरून म्हणतो, "पुसू नगा, देवाचं हाय." मग वर्षभर तो अंदाजानं किल्ली फिरवत राहिला आणि त्याच्या घरचे सगळे फोटो एकमेकांच्या अंगावर चढत राहिले. एकजण तर फोटो काढला की लगेच मागचं झाकण उघडून 'आलाय का' म्हणून बघायचा. ह्या मंडळींना मी दुकानात बसून यथेच्छ हसलो. हसायचा हक्क मला होता असं मला तेव्हा वाटत होतं.

आता माझ्याकडे वळतो. माझा स्वतःचा घडीचा कॅमेरा एका साहेबानं वापरून टाकलेला होता आणि त्याचा भाता कोपऱ्यात फाटला होता. उघडमीट करून करून घडीचे कोपरे झिजतात आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. तपासायची रीत सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत जाऊन भात्याच्या आत बॅटरीचा बल्ब धरायचा आणि बाहेरून बघायचं. भोक असेल तिथे उजेडाचा ठिपका दिसतो. मग छत्रीच्या काळ्या कापडाचा तुकडा चिकटवायचा. चिकटवायला सरस वापरला तर तो वाळून कडक होतो आणि भाता पुन्हा मिटत नाही. मी म्हटलं, त्यापेक्षा गव्हाच्या पिठाची खळ बरी. मऊ राहते, स्वस्त पडते. ह्या शोधावर मी इतका खूश होतो की गिऱ्हाइकांना आपणहून सांगायचो. पिठाची खळ झुरळांनाही आवडते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्यांनी ती चवीनं खाल्ली, तुकडा एका कडेनं सुटला, आणि मी तोच कॅमेरा घेऊन वरकुट्याला गेलो.

वरकुट्याचे रंगूआबा भाजीपाला करायचे. वांगी, मिरची, टोमॅटो. माणूस इतका गरीब स्वभावाचा की बाजारात वांग्याचा भावसुद्धा गिऱ्हाइकालाच विचारायचा. त्यांना तीन मुली. थोरली कमळ, सातवी पास. बावड्याच्या दौलतराव तात्यांचा मुलगा पुण्यात कारकून होता आणि त्यानं कळवलं होतं की आधी मुलीचा फोटो पाठवा. पूर्वी मंडळी सरळ येऊन पोहे खाऊन मुलगी बघत. पण कारकुनाला रजा नव्हती.

मी गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे कमळला उभं केलं, कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर लावला आणि उघडला. आणि मग तिच्या मावशीला सुचलं की पदर असा नको, तसा पाहिजे. नंतर बुगड्या आठवल्या. नंतर वेणीतलं फूल मागे गेलंय ते पुढे आणायचं ठरलं. दहा मिनिटं कॅमेरा भर उन्हात उघडा. भात्याला भोक असलं तर एरवी पटकन फोटो काढून मिटलं की फारसं बिघडत नाही, पण दहा मिनिटं ऊन आत झिरपलं की फिल्मवर तेवढी जागा जळते. जळलेली जागा फोटोत पांढरी दिसते.

कमळ सावळी. फोटो छापला तेव्हा तिच्या डाव्या गालापासून गळ्यापर्यंत एक पांढरा, फिकट कडांचा डाग होता. मी तो पाहिला. खोटं कशाला सांगू, नीट पाहिला, आणि भात्यावरचा तुकडा सुटलाय हेही ओळखलं. ब्रश आणि शाई घेऊन तासाभरात तो बुजवता आला असता. पण आबा दारात उभे होते, त्यांची एस.टी. सुटणार होती, आणि मला जेवायला जायचं होतं. आबांनी विचारलं, "ह्ये पांढरं काय हाय वो?"

मी म्हणालो, "ऊन पडलंय गालावर. मुंबईत असा फोटो मुद्दाम काढतात."

"आस्सं व्हय," म्हणाले आणि फोटो टोपीत घालून गेले.

आठ दिवसांनी बावड्याहून निरोप आला. मुलीला कोड आहे.

बातमी वरकुट्यात पोचली, तिथून आजूबाजूला. कोड हा काही लागणीचा रोग नाही, त्यानं माणसाचं काही बिघडत नाही, पण हे त्या वेळी कुणाला सांगणार? आणखी एका ठिकाणी बोलणं चाललं होतं, तेही थांबलं. कमळच्या पाठच्या दोघी बहिणी होत्या, त्यांचाही विचार लोकांनी आपला आपणच करून टाकला. घरी येऊन मुलगी बघा असं आबांनी तात्यांना हात जोडून कळवलं. तात्यांचं उत्तर आलं, पावडर लावून मानसाला फसवता येतं, क्यामेऱ्याला न्हाय.

हे मला कळलं तेव्हा मी पहिली गोष्ट कोणती केली असेल? दुकानाचं दार लावून घेतलं आणि भोक बुजवलं. ह्या वेळी खळ नाही. मोच्याकडून पातळ कातडं आणि त्याचंच रबराचं सोल्युशन आणलं, आणि असं काम केलं की ते शोधायला मलाच बल्ब लागला असता. आयुष्यातली माझी सगळ्यात चोख दुरुस्ती ती.

त्यानंतर दोन दिवसांनी आबा आले. बरोबर कमळ होती. आबा टोपी गुडघ्यावर ठेवून खालीच बघत बसले. कमळनं फोटो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "ह्ये ऊन हाय म्हनं."

"हो, म्हणजे त्या दिवशी कडक होतं ना..."

"ऊन दोनी गालांवर सारकंच हुतं. मी हुते की तितं."

ती टेबलावर हात ठेवून उभी होती. गाल स्वच्छ, गळा स्वच्छ. समोर बसून खोटं बोलायला जी एक तयारी लागते ती माझी संपली. मी सांगून टाकलं. भाता, कोपरा, भोक, सगळं. आबांनी मान वर केली. त्यांना राग येतच नसावा, कारण ते म्हणाले, "म्हंजी पोरीत काई न्हाय ना?" मुलीचे वडील मला हे विचारत होते! मला तिथेच मेल्यासारखं झालं.

कमळ म्हणाली, "मग भोक दावा."

"बुजवलं."

"कवा?"

"परवा."

तिनं फोटो स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "म्हंजी डाग मला लागला आन् भोक तुमचं बुजलं."

मी चिठ्ठी लिहून देतो म्हणालो. माझी अडचण मला दिसत होती. दोन तालुक्यांतले घडीचे कॅमेरे दुरुस्तीला माझ्याकडे यायचे. फोटूवाल्याच्याच भात्याला भोक, हे बावड्याच्या चारचौघांत माझ्या तोंडून गेलं की पाटी उतरवायची वेळ. कमळला चिठ्ठी नको होती. "चिठ्ठी आमीच लिवून घेतली म्हनतील. तुमी चला, आन् क्यामेरा घेऊन चला. बुजवलंय त्ये उचका."

तिच्यासमोरच मी ते कातडं उचकलं. चांगलं चिकटलं होतं, सहज निघेना.

आबा आणि मी बावड्याला गेलो. कमळ आली नाही, तिनं जाणं रीतीला धरून नव्हतं. तात्यांच्या ओट्यावर दहाबाराजण बसलेले. तात्या सोसायटीचे चेअरमन, त्यामुळे घरात असले तरी सभेत असल्यासारखे बसायचे. मी सगळं सांगितलं. सांगताना 'आमच्या भागातली हवा कोरडी' आणि 'जर्मन कातडं' असे दोन शब्द मधे घालून माझी लाज जराशी झाकून घेतली, तेही कबूल करतो.

तात्या हसले. "फोटूवालं, तुमच्याच पाटीवर लिवलंय, फोटू कधी खोटं बोलत न्हाय. आता पाटी खरी का तुमी?"

ओटा हसला. मी म्हणालो, "तात्या, माझ्यावर विश्वास नको. तोच कॅमेरा, तेच भोक. तुम्ही खुर्चीत बसा. जिथे त्या मुलीच्या गालावर डाग आला तिथेच तुमच्या गालावर येतो की नाही बघा."

फोटो म्हटल्यावर तात्या खुलले. आतून नवा फेटा आला, खुर्ची अंगणात आली, काठी कुठल्या हातात धरायची ह्यावर चर्चा झाली. मी कॅमेरा उघडून उन्हात ठेवला आणि घड्याळाकडे बघत उभा राहिलो.

"काय थांबलायसा?"

"डाग पडायला वेळ द्यावा लागतो."

तात्या बसले होते तसेच उठले. "आन् ह्यो फोटू कुनी बगितला तर? दौलतरावला कोड हाय म्हनतील की लोक! घरात आजून दोन पोरं लग्नाची हायती."

"पण तात्या, तो डाग कॅमेऱ्याचा आहे हे तर तुम्ही..."

"लोकान्ला काय म्हाईत?"

मग त्यांनी धाकट्या भावाला बसायला सांगितलं. भावाला शेतावर पाटाचं पाणी आठवलं. ओट्यावरच्या शहाण्या माणसांकडे पाहिलं तर एकेकाचं चप्पल शोधणं सुरू झालं होतं. शाळेचे गुरुजी म्हणाले की शास्त्रीयदृष्ट्या प्रयोग योग्य आहे, आणि सर्वांत आधी तेच गेले. घटकेपूर्वी कॅमेरा खोटं बोलतो हे कुणालाच मान्य नव्हतं. आता ते सगळ्यांना इतकं पटलं होतं की खुर्चीच्या जवळ कुणी उभं राहीना. आबा मात्र पुढे होऊन म्हणाले, "माजा काडा." पण आबांच्या गालावर डाग आला असता तर 'बापापास्नंच आलाय' असं झालं असतं. मी त्यांना मागे सारलं.

तेवढ्यात आतून गोदाक्का आल्या. तात्यांच्या मंडळी. हाताला भाकरीचं पीठ, पदर डोक्यावर. त्यांनी दारातून सगळं ऐकलं असावं. कुणाला काही न विचारता त्या खुर्चीत येऊन बसल्या. "काडा."

तात्या म्हणाले, "तू आत जा."

"का? माजं लगीन झालंय न्हवं? आता मला कोन बगायला येतंय?" आणि माझ्याकडे वळून, "किती येळ बसायचं वो? तव्यावर भाकरी हाय."

दहा मिनिटं त्या उन्हात बसल्या. हललं तरी चालेल असं मी सांगितलं, तरी हलल्या नाहीत. फोटो झाल्यावर मी म्हणालो, "अक्का, आता भोकावर हात धरतो आणि एक नीट काढतो."

"कशाला? ह्यो हाय की," म्हणून त्या आत गेल्या. भाकरी जळलेली होती.

दोन दिवसांनी मी दोन्ही फोटो तात्यांपुढे शेजारी शेजारी ठेवले. तोच डावा गाल, तोच गळा, डागाच्या कडासुद्धा त्याच. तात्यांनी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं आणि ओट्याला उद्देशून म्हणाले, "मी पयल्यापास्नं म्हनत हुतो, क्यामेराच खराब हाय."

मागणी पुन्हा वरकुट्याला गेली. आबा हरखले, पण कमळनं लगेच हो म्हटलं नाही. तिनं मला बोलावून घेतलं आणि एकच विचारलं, "डागाचा फोटू कुनी काडून घेतला?"

"मुलाच्या आईनं."

"आपनहून?"

"आपणहून. बाकी कुणी बसेना."

ती आबांकडे वळली. म्हणाली, "व्हय म्हना."

लग्नाचे फोटो मीच काढले. एकूण एक माणूस फोटोत आहे, गोदाक्का नाहीत. त्या जेवणावळीच्या पाठीमागे होत्या. नंतर दोनचारदा बावड्याला गेलो तेव्हाही म्हणालो, अक्का, एक चांगला काढू या. कधी दूध तापत होतं, कधी बाजरी वाऱ्याला लावली होती. मीही फार हट्ट धरला नाही. उद्या काढू म्हणायला मला तरी काय जात होतं?

तीन पावसाळ्यांनी त्या तापानं गेल्या. तात्यांचा निरोप आला की फोटो मोठा करून आणा. घरात त्यांचा तो एकच फोटो होता. मी पहिल्यांदा ज्या कामाला तासभर दिला नव्हता त्याला ह्या वेळी दोन दिवस दिले. मोठी प्रत काढली, बारीक ब्रश घेतला आणि डाग असा बुजवला की माझ्या गुरूनंही पाठ थोपटली असती. गोदाक्कांचा गाल स्वच्छ झाला. चौकट करून तेराव्याला बावड्याला नेला.

कमळनं चौकट हातात घेतली. कडेवर मूल होतं. बघून म्हणाली, "ह्यो कुनाचा?"

"अक्कांचाच. डाग काढलाय."

"कुनी सांगितलं काडायला?" तिचा आवाज चढला नाही, पण डोळे भरले होते. "आत्याबाईंनी त्यो माज्यापायी घेतला हुता. तुमी कोन पुसनार?"

तिनं ती चौकट भिंतीला टेकवून, तोंड फिरवून ठेवली. आतून जुना लहान फोटो आणला, पाटावर उभा केला आणि हार घातला. मी जवळच सतरंजीवर बसून राहिलो.

माणसं यायला लागली. इंदापूरकडची, बारामतीकडची, ज्यांचे कॅमेरे माझ्याकडे यायचे तीही. एक बाई फोटोपुढे टेकल्या आणि कमळला हळूच म्हणाल्या, "म्हातारीला कोड हुतं व्हय गं? कदी दिसलं न्हाय."

"न्हाय," कमळ म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्ये फोटूवालं बसल्यात. इचारा त्येस्नी."

सगळ्यांच्या माना वळल्या. ह्या वेळी कोरडी हवा आणि जर्मन कातडं मी मधे आणलं नाही. माझ्या कॅमेऱ्याला भोक होतं, मला ते माहीत होतं, आणि ह्या घरात एकच माणूस त्याच्यापुढे बसलं, असं सांगितलं. ती मंडळी उठली, दुसरी आली. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा कमळचं बोट माझ्याकडे. दुपार टळेपर्यंत मी ते पाचदा सांगितलं. सहाव्या वेळी नवी माणसं फोटोपुढे वाकली तेव्हा तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि कुणी विचारायच्या आत मी बोलायला लागलो.